लेओं हार्मेल : कामगाराला कारभारात स्थान देणारा गिरणीमालक

फ्रान्सच्या ईशान्य भागात रँस शहराजवळ स्वीप नदीच्या काठी व्हाल-दे-ब्वा ही वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील लोकरीच्या सूतगिरणीचे नाव थेट रोमपर्यंत पोहोचले होते. गिरणीमालक कामगारांशी कसा वागू शकतो हे पाहण्यासाठी धर्मगुरू, सेमिनरीचे विद्यार्थी, उद्योजक आणि विचारवंत तेथे येत असत. या गिरणीचे मालक होते लेओं हार्मेल.

हार्मेल यांचा जन्म 17 फेब्रुवारी 1829 रोजी आर्देन प्रांतात, लोकर कातण्याचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात झाला. वडील जाक-जोसेफ यांनी 1840 च्या सुमारास व्हाल-दे-ब्वा येथे गिरणी उभारली होती. त्यांची प्रकृती खालावल्यामुळे 1854 मध्ये, वयाच्या अवघ्या 25 व्या वर्षी, लेओं यांच्या खांद्यावर गिरणीची धुरा आली. तत्पूर्वी वर्षभर आधी त्यांचा विवाह झाला होता. पत्नी गाब्रिएल 1870 मध्ये निवर्तल्या. हार्मेल यांनी पुन्हा विवाह केला नाही. संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचे सदस्य या नात्याने त्यांनी पुढील आयुष्य अत्यंत साधेपणाने व्यतीत केले.

त्या काळातील फ्रेंच औद्योगिक शहरांचे चित्र विदारक होते. दीर्घ कामाचे तास, राबणारी बालके, कोंदट खोल्या आणि मजुरीच्या दिवशीच दारूच्या गुत्त्यात रिकामा होणारा खिसा. अनेक मालक रविवारी मिस्साला उपस्थित राहत, दानधर्मही करीत. परंतु मजुरी ठरविताना बाजारभावापलीकडे पाहण्याची त्यांना आवश्यकता वाटत नसे. श्रद्धा आणि व्यापार यांची खाती त्यांनी वेगवेगळी ठेवली होती. हार्मेल यांना हे दुहेरी हिशेब मान्य नव्हते.

त्यांच्या वडिलांच्या काळापासूनच गिरणीत कामगारांसाठी बचतीची व परस्पर साहाय्याची व्यवस्था होती. लेओं यांनी त्यात भर घातली. बागेसह घरे, शाळा, चॅपेल, ग्राहक सहकारी भांडार, वाद्यवृंद अशी एक वसाहतच तेथे उभी राहिली. रविवारच्या सुटीची सक्ती फ्रान्सच्या कायद्याने 1906 मध्ये केली. व्हाल-दे-ब्वा येथे रविवार त्याच्या कितीतरी आधीपासून विश्रांतीचा दिवस म्हणून पाळला जाई. 1874 मध्ये आगीने गिरणीची मोठी हानी केली, तेव्हा ती पुन्हा उभारण्यात आली. 1877 मध्ये हार्मेल यांनी आपल्या अनुभवांवर आधारित एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यामुळे त्यांचे विचार फ्रान्सभर पोहोचले.

येथवरची कहाणी एखाद्या दयाळू मालकाची वाटेल. असे मालक इतरत्रही होते. हार्मेल यांचे वेगळेपण यापुढे दिसते.

कामगारांसाठी काही केल्याने भागत नाही, ते त्यांच्याच हातून व त्यांच्या सोबतीने व्हायला हवे, अशी त्यांची धारणा झाली. कामगाराला डावलून त्याचे भले करता येत नाही, मग त्याच्या इच्छेविरुद्ध ते करणे तर दूरच राहिले. फ्रान्समध्ये 1884 साली व्यावसायिक संघटनांना कायदेशीर मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी व्हाल-दे-ब्वा येथे कामगार प्रतिनिधींचे मंडळ स्थापन झाले. मजुरीचे दर, अपघात, स्वच्छता, शिकाऊ मुलांचे प्रशिक्षण आणि कामाची शिस्त या विषयांवर हे प्रतिनिधी मालकांसमवेत बसून चर्चा करीत. अंतिम निर्णय मालकाचाच असे, हे खरे. तरीही ज्या काळात मालकाचा शब्द म्हणजेच नियम होता, त्या काळात मजुराने मालकासमोर खुर्चीवर बसून मजुरीच्या दराबद्दल बोलावे, ही लहान गोष्ट नव्हती.

ती लहान नाही हे इतर मालकांनी ताबडतोब ओळखले. आणि विरोध करणाऱ्यांत निरीश्वरवादी उद्योगपतींसोबत उत्तर फ्रान्समधील श्रद्धावान कॅथोलिक गिरणीमालकही होते! घरे बांधण्यास, शाळा काढण्यास त्यांची हरकत नव्हती. अधिकारात वाटा देणे मात्र त्यांना धोक्याचे वाटले. या वादात हार्मेल मागे हटले नाहीत.

1891 मध्ये त्यांनी कुटुंब निधी सुरू केला. समान कामासाठी समान मजुरी मिळाली तरी दोन जणांचे घर आणि आठ जणांचे घर यांच्या चुलीवरचे अन्न समान नसते. म्हणून ज्या मोठ्या कुटुंबांना मिळकत पुरत नसे, त्यांना मजुरीव्यतिरिक्त पूरक रक्कम दिली जाई आणि तिचे वाटप कामगारांचीच समिती करी. कोणत्या घरात खरी ओढाताण आहे, हे शेजाऱ्याइतके मालकाला कसे कळणार? असा कुटुंब भत्ता फ्रान्समध्ये कायद्याने लागू झाला तो 1932 मध्ये. मोठ्या उद्योगांत कामगार प्रतिनिधींच्या समित्या बंधनकारक झाल्या त्या 1945 मध्ये.

भारतात 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु ती नफा झाल्यानंतरच्या पैशाविषयी बोलते. हार्मेल यांचा प्रश्न त्याआधीचा होता : तो नफा मिळविताना कामगाराला काय वाट्याला आले?

कामगार आणि चर्च यांच्यात पडलेले अंतर त्यांना अस्वस्थ करीत असे. त्यावर त्यांनी योजलेला उपाय धाडसी होता. 1885 मध्ये ते सुमारे शंभर उद्योजकांना घेऊन पोप लिओ तेरावे यांच्या भेटीस गेले. 1887 मध्ये सुमारे 1,800 कामगारांची यात्रा निघाली, तर 1889 मध्ये तब्बल 10,000 कामगार गटागटाने रोमला पोहोचले. पूर्वी पोप महोदयांच्या दर्शनाला राजे आणि सरदार जात. आता हाताला घट्टे पडलेली माणसे तेथे उभी होती. 15 मे 1891 रोजी पोप लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयी ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्यामागे अनेक देशांतील अनेकांचे चिंतन होते. श्रेय एकट्या हार्मेल यांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र न्याय्य मजुरीचा विचार प्रत्यक्षात उतरू शकतो, याचे एक उदाहरण व्हाल-दे-ब्वाच्या रूपाने पोप महोदयांसमोर होते. 2025 मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेण्यामागे याच विश्वपत्राचे स्मरण होते, हे वाचकांना आठवत असेल.

1891 च्या ऑक्टोबरमधील यात्रेला मात्र गालबोट लागले. रोममधील पँथिऑनमध्ये राजा व्हिक्टर इमॅन्युएल यांच्या समाधीजवळील नोंदवहीत काही फ्रेंच यात्रेकरूंनी पोपचा जयजयकार लिहिला. शहरात दंगा उसळला, यात्रेकरूंवर हल्ले झाले आणि यात्रा अर्धवट थांबवावी लागली. त्यानंतर हार्मेल यांनी देशातच काम वाढविले. फादर लेओं देओं यांच्या सहकार्याने व्हाल-दे-ब्वा येथे सेमिनरीच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक अभ्यासवर्ग भरत असत. 1893 मध्ये रँस येथे ख्रिस्ती कामगारांची परिषद झाली.

त्यांच्यावरील टीकेत तथ्य होते. काम, घर, शाळा, दुकान आणि चॅपेल हे सारे एकाच मालकाच्या छायेत असेल, तर कामगार खरोखर किती मोकळा राहतो? कामगार त्यांना प्रेमाने ‘बाबा’ या अर्थाच्या नावाने संबोधत, त्यातही हा प्रश्न दडलेला आहेच. शिवाय नदीकाठच्या छोट्या वस्तीत जे साधले, ते लील किंवा रूबे यांसारख्या गजबजलेल्या शहरांत साधणे कठीण होते. कामगारांचे मंडळ आणि कुटुंब निधीची समिती ही या आक्षेपाला त्यांनी दिलेली उत्तरे होती. ती अपुरी असली तरी त्या काळी अन्य फारच थोड्या मालकांनी इतके पाऊल पुढे टाकले होते.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि रँसचा परिसर रणभूमी बनला. व्हाल-दे-ब्वा जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. 25 नोव्हेंबर 1915 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी, लेओं हार्मेल यांचे नीस येथे निधन झाले. त्या वेळी त्यांची गिरणी आणि ते यांच्यामध्ये युद्धाची आघाडी पसरलेली होती.