विश्लेषण : खोलीला हीटर किती मोठा हवा? फूरिये यांनी मांडलेले गणित

हीटर घ्यायला गेले की दुकानदार आधी विचारतो, खोली केवढी? जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने आधी भिंतींची चौकशी केली असती.

कोण होते फूरिये?

जन्म २१ मार्च १७६८, फ्रान्समधील ओसेर गावात, शिंप्याच्या घरी. दहा वर्षांचे होण्याआधीच आईवडील गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तुरुंगवासही घडला. १७९८ मध्ये ते नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेले आणि परतल्यावर त्यांना थंडी सोसेना. खोल्या कमालीच्या तापवून, वर कपड्यांचे थर चढवून ते बसत, असे सांगतात. त्यात नेमणूक झाली ती आल्प्सच्या कुशीतल्या ग्रनोबल शहरात, प्रीफेक्ट म्हणून; म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे पद. दलदली आटवणे, रस्ते बांधणे ही कामे सांभाळून ते उष्णतेवर लिहीत राहिले.

१८०७ चा त्यांचा प्रबंध लाग्रांजसारख्या दिग्गजाला पटला नाही. १८१२ मध्ये त्याच विषयाला बक्षीस मिळाले, तेही गणिती काटेकोरपणा कमी पडतो या शेऱ्यासह. ग्रंथ निघाला १८२२ मध्ये.

भिंती का महत्त्वाच्या?

या ग्रंथात बंद जागा तापवण्यावर स्वतंत्र भाग आहे. हीटर सुरू केला की खोली तापत जाते आणि एका अंशावर थांबते. त्या वेळी हीटर देतो तेवढीच उष्णता भिंतींतून बाहेर जात असते. त्यामुळे खोली शेवटी किती तापेल, हे आतल्या हवेच्या घनफळावर ठरत नाही. ते ठरते उष्णता देणाऱ्या आणि ती बाहेर सोडणाऱ्या पृष्ठभागांवर, भिंतीच्या जाडीवर आणि ती कशाची आहे यावर. खोली मोठी असेल तर तापायला वेळ लागेल, एवढेच.

आजचा हिशेब असा: नऊ इंची विटांच्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असता, साधारण २ वॉट उष्णता जाते. भिंत १० चौरस मीटर आणि फरक १५ अंश असेल, तर गळती ३०० वॉट. छत, खिडक्या, जमीन यांचे आकडे असेच मिळवायचे. फटींतून शिरणाऱ्या गार हवेचा हिशेब मात्र वेगळा धरावा लागतो. तिथे घनफळ पुन्हा डोके वर काढते. मुंबईत एसी किती टनाचा हवा हे काढतानाही भिंतींचा हिशेब हाच, फक्त उष्णतेची दिशा उलटी.

फूरिये पॅरिसमध्ये १६ मे १८३० रोजी वारले. त्याआधी काही दिवस ते जिन्यावरून पडले होते.