हॅरी क्लाइनफेल्टर

हॅरी फिच क्लाइनफेल्टर (२० मार्च, १९१२ - २० फेब्रुवारी, १९९०) हे अमेरिकन डॉक्टर आणि अंतःस्रावशास्त्रज्ञ होते. पुरुषांमधील एका लिंगगुणसूत्र विकाराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जीवन

क्लाइनफेल्टर यांचा जन्म बाल्टिमोर येथे झाला. व्हर्जिनिया विद्यापीठातील शिक्षणानंतर १९३७ साली त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी मिळवली. १९४१-४२ मध्ये त्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुलर ऑलब्राइट यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले. १९४३ ते १९४६ या काळात ते सैन्यदलात होते. त्यानंतर ते जॉन्स हॉपकिन्सला परतले आणि १९६६ साली सहयोगी प्राध्यापक झाले. वयाच्या ७६ व्या वर्षी ते निवृत्त झाले.

संशोधन

१९४२ साली क्लाइनफेल्टर, एडवर्ड राइफेनस्टाइन व ऑलब्राइट यांनी नऊ पुरुषांचे वर्णन प्रसिद्ध केले. या पुरुषांचे वृषण लहान होते, स्तनांची वाढ झालेली होती आणि वीर्यात शुक्राणू नव्हते. वृषणातील एका संप्रेरकाच्या अभावामुळे असे होत असावे, असा त्यांचा तर्क होता. तो पुढे टिकला नाही. १९५९ साली एडिनबरा येथे पॅट्रिशिया जेकब्स व जॉन स्ट्रॉंग यांनी अशा पुरुषात एक जादा एक्स गुणसूत्र असल्याचे दाखवले. हा शोध मुळात ऑलब्राइट यांचा असून त्यांनी औदार्याने आपले नाव प्रथम घालू दिले, असे क्लाइनफेल्टर यांनी उत्तरायुष्यात नमूद केले.

मधुमेहाशी संबंध

हा विकार केवळ वंध्यत्वापुरता मर्यादित नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. अशा पुरुषांमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळते. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे स्वयंप्रतिरक्षित मधुमेहाचा धोकाही त्यांना इतर पुरुषांपेक्षा जास्त असतो. या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, त्यामुळे रुग्णाला इन्सुलिन घ्यावेच लागते. प्रतिकारशक्तीशी निगडित अनेक जनुके एक्स गुणसूत्रावर असणे आणि टेस्टोस्टेरॉनची कमतरता, ही या वाढीव धोक्याची संभाव्य कारणे मानली जातात. मूळ विकाराचे निदान अनेकांमध्ये प्रौढ वयात होते, तर काहींमध्ये कधीच होत नाही. त्यामुळे दोन्ही आजारांतील हा संबंध सहज नजरेआड होतो.