पंडिता रमाबाई : दुष्काळाच्या वाटेवर उमगलेला नाताळ



३१ डिसेंबर २०२३ रोजी रविवार होता आणि ख्रिस्तसभा पवित्र कुटुंबाचा सण साजरा करीत होती. त्याच दिवशी मध्यरात्र उलटून गेल्यावर आपल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हातमोजे तयार करणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. त्या आगीत सहा कामगारांचा अंत झाला. पोटासाठी गाव सोडून आलेली ही माणसे रात्री कारखान्यातच झोपत असत. आपल्या घरातील गोठे आणि तारे तेव्हा अजून उतरवलेले नव्हते. उतारशाळेत जागा न मिळालेल्या बाळाचा सण आणि कामाच्या जागीच अंथरूण पसरणारे हे कामगार यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हा प्रश्न तेव्हापासून दर नाताळला मनात येतो. त्याचे उत्तर शोधताना महाराष्ट्राच्या मातीतील एका थोर स्त्रीचे जीवन डोळ्यांसमोर उभे राहते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रीला संस्कृत शिकवू नये ही त्या काळची रूढी मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, त्यासाठी लोकांचा रोष पत्करला आणि सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे संसार थाटला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत एका तीर्थक्षेत्राहून दुसऱ्या तीर्थक्षेत्री पायी हिंडू लागले. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याजवळचे सारे संपले. झाडपाला आणि रानफळे खाऊन त्यांनी दिवस काढले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण यांनी डोळे मिटले. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा रमाबाईंनी स्वतः भार उचलला. उंची कमी पडत असल्याने त्यांना तो डोक्यावर घ्यावा लागला. आपल्या मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. या प्रसंगाची दाहकता त्यांना वेगळी सांगावी लागणार नाही.

उरलेली दोन भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंचे संस्कृत ज्ञान पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे निधन झाले. तेव्हा रमाबाई अवघ्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली.

१८८३ मध्ये शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींचे फुलहॅम येथे एक आश्रयगृह होते. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची सेवा तेथे प्रेमाने केली जात असे. अशा स्त्रियांना कोणी जवळ करताना रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. यामागचे कारण विचारले असता भगिनींनी त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. त्या विहिरीजवळच रमाबाईंना ख्रिस्त भेटला, असे म्हणता येईल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा स्वीकारला. त्या आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या सदस्य नव्हत्या, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु शुभवर्तमानाची साक्ष जेथे दिसते तेथे आपण नम्रतेने शिकावे.

अमेरिकेतून साहाय्य मिळवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवण्यात आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई बऱ्याच अंशी एकाकी पडल्या.

याच सुमारास, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातमी कानावर येताच रमाबाईंना स्वतःचे बालपण आठवले. पैसे पाठवून त्या स्वस्थ बसू शकल्या असत्या. परंतु त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या, मदत-छावण्यांतील निराधार मुलींची अवस्था त्यांनी पाहिली आणि शेकडो मुलींना सोबत आणले. पुण्यात प्लेगची साथ होती, त्यामुळे शहरात त्यांची सोय होईना. तेव्हा दौंड तालुक्यातील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या उभारून त्या मुलींना आसरा देण्यात आला. हेच ‘मुक्ती’ सदन. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर येथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. अंध मुलींना मनोरमेने ब्रेल लिपी शिकवली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला जे पाहिले होते ते केडगावी उभे राहिले.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही देवाचा शब्द कळावा, हा त्यामागील हेतू होता. जुलै १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. हे दुःख सोसून रमाबाईंनी भाषांतराचे काम तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या घरी गेल्या.

बंधू-भगिनींनो, नाताळच्या दिवशी आपण शब्द देही झाल्याचे रहस्य साजरे करतो. देवाने माणसाचे दुःख स्वर्गातून पाहिले, तेवढ्यावर तो थांबला नाही. तो आपल्या भुकेत, थंडीत आणि बेघरपणात राहायला आला. रमाबाईंनी आपल्या परीने हेच केले. लहानपणी सोसलेली भूक त्यांनी विसरायची गोष्ट मानली नाही. त्याच भुकेने त्यांना दुसऱ्यांच्या भुकेपर्यंत नेले आणि त्या भुकेल्यांबरोबर त्यांनी आपले घर मांडले.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील वा आजोबा एका पेटीनिशी गावाकडून शहरात आले. आज पक्क्या घरात राहत असताना ती पेटी आपण विसरलो आहोत काय? वाळूजच्या गल्ल्यांत, भाड्याच्या एका खोलीत चार-चार जण राहतात. पगार कापला जाईल म्हणून सणाला घरी न जाणारे कामगार आहेत, आजारपणात डोक्यावर हात ठेवायला कोणी नसलेली तरुण मुले आहेत. त्यांचा धर्म वा प्रांत विचारण्याचे कारण नाही. यंदा नाताळच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने यांपैकी एकाला तरी आपल्या पानाशेजारी बसवावे, त्याचे नाव विचारावे, तो रात्री कोठे झोपतो हे जाणून घ्यावे. ती जागा असुरक्षित असेल तर त्याच्या वतीने मालकाकडे शब्द टाकण्याचे धैर्यही दाखवावे.

गव्हाणीतल्या बाळाला आपण दर वर्षी भक्तिभावाने वंदन करतो. या वर्षी त्याला आपल्या घरात जागा मिळो, ही प्रार्थना.

आपणां सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.