वेशीबाहेर गेलेला कुलकर्णी

स्नेहसंमेलनात ढोलकीवर थाप पडली, की मागच्या रांगेतला विद्यार्थीही उठून उभा राहतो. लावणी नाचणाऱ्या मुलीचे आईवडील कौतुकाने पाहत असतात आणि यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण याच कृष्णाकाठी, सव्वाशे वर्षांपूर्वी, लावणीच्या नादापायी एका माणसाने घर, वतन आणि जात या तिन्हींवर पाणी सोडले. तो माणूस म्हणजे शाहीर पठ्ठे बापूराव. त्यांची थोडीशी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ११ नोव्हेंबर १८६६ रोजी वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे सातारकर आणि सांगलीकर दोघेही बापूरावांना आपले म्हणतात, आणि ते योग्यच आहे. प्राथमिक शिक्षण गावी झाल्यावर इंग्रजी शिकण्यासाठी ते औंधला गेले. परंतु आईवडिलांचे छत्र हरपले आणि शिक्षण अर्धवट सोडून त्यांना गावी परतावे लागले. वाट्याला आले ते कुलकर्ण्याचे दप्तर.

दप्तरात मात्र त्यांचे मन रमेना. ते गुंतले होते वेशीबाहेरच्या वस्तीत, तमाशाच्या फडात. या ठिकाणी तमाशाच्या मुळाशी थोडे जायला हवे. आधी गण, मग गौळण, त्यानंतर बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, असा हा खेळ रंगत जाई. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे आणि झांज ही त्याची वाद्ये. हा खेळ जिवंत ठेवला तो महार, मांग आणि कोल्हाटी समाजातील कलावंतांनी. आपल्याच तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमा-बाबाजींचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानला जातो. तो १८६५ च्या सुमाराचा, म्हणजे बापूरावांच्या जन्माच्या थोडा आधीचा. बापूराव तमाशात आले तेव्हा घर आधीच बांधलेले होते. त्यांनी त्यावर कळस चढवला, पाया मात्र दुसऱ्यांनी घातला होता, हे विसरून चालणार नाही.

सोलापूरच्या राम जोशींनीही पेशवाईच्या उत्तरकाळात अशीच वाट धरली होती. तरीही कुलकर्ण्याच्या मुलाने अस्पृश्य मानलेल्यांबरोबर उठावे-बसावे, खावे-प्यावे, त्यांच्या फडावर उभे राहून गावे, हे त्या काळच्या गावाला पचणारे नव्हते. जातीने त्यांना दूर लोटले. त्यांनीही मागे वळून पाहिले नाही. श्रीधरपंतांचे ते पठ्ठे बापूराव झाले.

त्यांच्या आयुष्यात पवळा हिवरगावकर आली आणि फडाचे रूपच पालटले. पवळा संगमनेरकडची, महार समाजातील. तोवर तमाशात बायकी वेष करून नाच्या पोर नाचत असे. फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळेचे नाव घेतले जाते. बापूरावांनी रचावे आणि पवळेने ते पायांतल्या घुंगरांनी, नजरेने, नऊवारीच्या पदराने लोकांपुढे जिवंत करावे, असा तो जोड होता. लावणी कागदावर निम्मीच असते. उरलेली निम्मी नाचणारीच्या अंगात असते. म्हणूनच बापूरावांचे चरित्र पवळेचे नाव घेतल्यावाचून पुरे होत नाही, असे मला वाटते.

गण, गौळणी, भेदिक, झगड्याच्या आणि रंगबाजीच्या लावण्या, अशा सर्व प्रकारांत बापूरावांनी रचना केली. त्यांच्या नावावर दोन लाख लावण्या सांगतात. हा आकडा शाहिरी थाटाचा मानला, तरी त्यांच्या रचनेचा ओघ केवढा असेल याची कल्पना येते. मुंबईचे वर्णन करणारी त्यांची लावणी आजही गायली जाते. १९०८-०९ च्या सुमारास त्यांनी 'मिठाराणी'चा वग कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांपुढे सादर केला. मुंबईच्या गिरणगावातील कामगारांनी तर त्यांना डोक्यावर घेतले.

एक प्रसंग मात्र मनाला चटका लावतो. बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगतात. दलित स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. प्रथम वाचले तेव्हा मला बापूरावांबद्दल वाईट वाटले. विचार करता दुसरी बाजूही दिसू लागली. बापूरावांनी जात स्वखुशीने सोडली, म्हणून आपण त्याला त्याग म्हणतो. पवळेला सोडण्यासारखे काय होते? तिच्या कलेला टाळ्या मिळाल्या, तिला मान मिळाला नाही. स्पेनमधील फ्लॅमेंको नृत्याचीही कथा अशीच आहे. तेथील जिप्सींना समाजाने दूर ठेवले आणि त्यांच्या नाचाला मात्र देशाचे भूषण केले.

पुढे पवळा आणि बापूराव यांची ताटातूट झाली. फड उतरणीला लागला. ज्याच्या लावण्यांवर इतरांनी पैसा मिळवला, तो शाहीर दारिद्र्यात दिवस कंठू लागला. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९५० मध्ये त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला आणि मुंबईच्या फॉकलंड रोडला त्यांचे नाव दिले गेले. जिवंतपणी उपेक्षा आणि मेल्यावर पाटी, ही आपली जुनी रीतच आहे.

बापूरावांना मी मोठे मानतो ते केवळ लावण्यांच्या संख्येमुळे नव्हे. ज्या काळी सावलीचाही विटाळ होत असे, त्या काळी हा माणूस वेशीबाहेर शिकायला गेला आणि तेथील माणसांना त्याने गुरू मानले. त्यांना वंदन करताना त्या अनाम ढोलकीवाल्यांना, सोंगाड्यांना आणि पवळेलाही वंदन करूया. तरच ते वंदन बापूरावांपर्यंत पोहोचेल.