चित्रकार कै. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर

आपली पाठारे प्रभू ज्ञाती संख्येने लहान. परंतु मुंबई नगरीच्या घडणीत तिचा वाटा मोठा आहे. कायदा, वैद्यक आणि सरकारी सेवा या क्षेत्रांत नाव मिळविलेल्या ज्ञातिबांधवांची चरित्रे आपण मुलांना हौसेने सांगतो. ज्यांनी हातात कुंचला धरून तोच मान मिळविला, त्या कै. रावबहादूर धुरंधर यांचे चरित्र मात्र तितके सांगितले जात नाही. चित्रकला हा फावल्या वेळेचा छंद नसून शाळेत बसून, वर्षानुवर्षे खपून संपादन करण्याची विद्या आहे, हे त्यांच्या आयुष्याने सिद्ध केले. म्हणूनच या स्मरणिकेच्या पानांवर त्यांचे पुण्यस्मरण करणे उचित होईल.

महादेवरावांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. बालपण आणि प्राथमिक व माध्यमिक शिक्षण त्याच करवीर नगरीत झाले. चित्रे काढण्याचा नाद त्यांना लहानपणापासून होता. कोल्हापूरचेच आबालाल रहमान हे मुंबईच्या कलाशाळेत शिकून नावारूपास आले होते आणि त्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. तरीही त्या काळी मध्यम स्थितीतील घरातील मुलाने चित्रकलेवर पोट भरण्याचे ठरविणे ही साधी गोष्ट नव्हती. ठरलेल्या वाटेने गेले की पगाराची शाश्वती असे. कलेच्या वाटेवर कोणतीच शाश्वती नव्हती. महादेवरावांनी ही दुसरी वाट धरली आणि जानेवारी १८९० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षात, ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले.

ही शाळा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झाली. महादेवराव आले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे तेथे मुख्याध्यापक होते. याच ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या होत्या. शाळेतील अभ्यास मोठा शिस्तीचा असे. प्रथम मुक्तहस्त रेखाटन. मग भूमितीच्या आकृती आणि यथार्थदर्शन. त्यानंतर प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून त्यांवरील छायाप्रकाश पेन्सिलीने आणि कोळशाने कागदावर उतरविणे. एकेका पुतळ्यापुढे दिवसच्या दिवस बसावे लागे. हात आणि दृष्टी तयार झाल्यावाचून रंगांना स्पर्श करावयाचा नाही, अशी ती पद्धती होती. कित्येक मुले या टप्प्यावरच कंटाळून जात. महादेवराव कंटाळले नाहीत. दिवसा शाळेत गिरवावयाचे आणि बाहेर पडल्यावर रस्त्यात दिसेल ते माणूस वहीत टिपून ठेवावयाचे, हा त्यांचा परिपाठ पडला व तो जन्मभर सुटला नाही.

या परिश्रमांचे फळ लवकरच मिळाले. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत युरोपीय चित्रकारांचे वर्चस्व असे. तेथे १८९५ मध्ये लक्ष्मीच्या आगमनावरील आपल्या चित्रास महादेवरावांनी सुवर्णपदक मिळविले. हा काळ कलाशाळेच्या भाग्याचा होता. पुढे ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पाने कीर्ती मिळविणारे गणपतराव म्हात्रे हेही त्याच सुमारास त्या शाळेत शिकत होते. हिंदी विद्यार्थ्यास योग्य शिक्षण मिळाले तर तो कोणाच्याही तोडीस उतरतो, हे या दोघांनी दाखवून दिले.

१८९६ मध्ये महादेवराव त्याच शाळेत शिक्षक झाले. पुढील पस्तीस वर्षे त्यांनी तेथे विद्यादान केले. ते हेडमास्तर झाले. सेवेच्या अखेरच्या काळात काही काळ शाळेच्या प्रमुखपदाची सूत्रेही त्यांच्या हाती आली. १९२७ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. जानेवारी १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी व शिक्षक या दोन्ही नात्यांनी एकाच वास्तूत घालविलेल्या या काळाचा वृत्तांत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या ग्रंथात लिहून ठेविला. मुंबई इलाख्यातील कलाशिक्षणाचा इतिहास जाणून घेऊ इच्छिणाऱ्यास तो ग्रंथ टाळता येणार नाही.

नोकरी सांभाळून त्यांनी केलेले काम पाहिले म्हणजे मन थक्क होते. औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यासाठी त्यांनी शिवचरित्रातील प्रसंग रंगविले. नवी दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांच्या कामात त्यांचा हात आहे. ऑटो रॉथफील्ड, किंकेड, एडवर्ड्स या इंग्रज लेखकांच्या पुस्तकांना त्यांनी चित्रे दिली. त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डे घरोघर गेली. आपल्या ज्ञातीतील विवाहविधीचे त्यांनी काढलेले चित्र तर आपल्या दृष्टीने अमोल आहे. स्त्रियांचे नेसणे, अलंकार, मांडवातील बैठक हे सर्व त्यात जसेच्या तसे आहे. आजींच्या तोंडून ऐकलेले रीतिरिवाज नातवंडांना डोळ्यांनी पाहावयाचे असतील तर असे दुसरे साधन विरळा.

त्यांच्या चित्रपद्धतीवर आक्षेप आले नाहीत असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी स्वदेशी परंपरेचा पुरस्कार केला, तेव्हापासून मुंबईच्या वास्तववादी चित्रकलेस परक्यांचे अनुकरण म्हणण्याची प्रथा पडली. धुरंधरांच्या काही पौराणिक चित्रांत रंगभूमीचा थाट अधिक आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु शिकलेली पद्धत परकी असली तरी त्यांनी तिच्या साह्याने रंगविली ती माणसे, ती घरे आणि ते रस्ते आपलेच होते. विद्या कोठून आली यापेक्षा ती कशाच्या सेवेस लावली, हे पाहणे अधिक न्यायाचे.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. त्यांनी आपली कन्या अंबिकाबाई हिलाही त्याच कलाशाळेत घातले. मुलींनी तेथे शिकणे ही त्या काळी दुर्मिळ बाब होती. अंबिकाबाई १९३१ मध्ये जी. डी. आर्ट ही पदविका मिळवून बाहेर पडल्या, म्हणजे पिता निवृत्त झाला त्याच वर्षी. पुढे २००९ मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी स्वतः चित्रे काढली आणि खार येथील ‘अंबासदन’ या घरात वडिलांची चित्रे जिवापाड जपली. ती विद्या त्यांना दिली नसती, तर या ठेव्याचे मोल ओळखणारी दृष्टी घरात कोठून आली असती?

रावबहादूरांनी १ जून १९४४ रोजी इहलोकीची यात्रा संपविली. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले व नव्या पिढीस त्यांची ओळख झाली.

शाळांतून आजही परीक्षा जवळ आली की प्रथम चित्रकलेचा तास बंद होतो, आणि मुलाने कलाशाळेचे नाव काढले की घरातील मंडळी चिंतेत पडतात. ही चिंता अगदीच अनाठायी नाही. कलेच्या मार्गात कष्ट फार व प्राप्ती अनिश्चित. परंतु ज्या मुलास खरी ओढ आहे आणि पुतळ्यापुढे दिवसच्या दिवस बसण्याची चिकाटी आहे, त्यास अडवू नये. आपल्या ज्ञातीने होतकरू विद्यार्थ्यांसाठी जी साह्याची व्यवस्था केली असेल, तीत कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसही हक्काचे स्थान असावे. महादेवरावांचे याहून उचित स्मारक दुसरे होणे नाही.