क्रांतिसिंह नाना पाटील

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात येडे मच्छिंद्र नावाचे गाव आहे. हे नाना पाटील यांचे गाव. त्यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव रामचंद्र होते. नाना अंगाने धिप्पाड होते आणि त्यांचा आवाज खणखणीत होता.

शिक्षण झाल्यावर नाना तलाठी झाले. त्या काळी तलाठ्याला गावात मोठा मान असे. पण १९३० साली महात्मा गांधींनी सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू केली, तेव्हा नानांनी नोकरी सोडली आणि ते चळवळीत उतरले. त्यासाठी त्यांना अनेकदा तुरुंगात जावे लागले.

खेड्यातील माणसांची दुःखे नाना जवळून पाहत होते. शेतकरी मुलामुलींच्या लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढत. कर्ज फिटत नसे. शेवटी जमीन सावकाराच्या घशात जाई. यावर नानांनी एक सोपा उपाय सांगितला. हुंडा नाही, मानपान नाही, जेवणावळी नाहीत, अशी साधी लग्ने लावा. लोक या लग्नांना गांधी-लग्ने म्हणू लागले. १९४५ साली कुंडल येथे क्रांतिकारक जी. डी. बापू लाड यांचे लग्नही असेच साधेपणाने झाले. शिका, वाचा, दारू सोडा, भांडणे गावातच मिटवा, असेही नाना गावोगाव सांगत.

१९४२ साली 'छोडो भारत' चळवळ सुरू झाली. सातारा जिल्ह्यात लोकांनी कचेऱ्यांवर मोर्चे काढले. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात परशुराम घार्गे व त्यांचे साथी हुतात्मा झाले. यानंतर नाना आणि त्यांचे सहकारी भूमिगत झाले. त्यांनी गावोगाव लोकांचे स्वतःचे सरकार उभारले. तेच प्रतिसरकार. त्याच्या न्यायदान मंडळापुढे गावातील तंटे मिटत. गरिबांना न्यायासाठी पैसे मोजावे लागत नसत. गुंडांना मात्र जबर शिक्षा होई. या सरकारची तुफान सेना नावाची तरुणांची फौजही होती.

त्या वेळी आपले जत सातारा जिल्ह्यात नव्हते. ते डफळे घराण्याचे वेगळे संस्थान होते. कुंडल गावही औंध संस्थानात होते. संस्थानाच्या हद्दीत इंग्रजांच्या पोलिसांना सहज शिरता येत नसे. त्यामुळे कुंडलचा भूमिगतांना मोठा आधार झाला.

सरकारने नानांना पकडण्यासाठी बक्षीस लावले. त्यांचे घर आणि जमीन जप्त केली. त्यांची मुलगी हौसाताई हिलाही फार हाल सोसावे लागले. तरीही ती भूमिगतांचे निरोप पोचवत राहिली. बक्षिसाच्या लोभाने नानांना कोणी पकडून दिले नाही. अखेर १९४६ साली ते उघडपणे लोकांसमोर आले.

स्वातंत्र्य मिळाल्यावरही नाना स्वस्थ बसले नाहीत. शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी ते झगडत राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते पुढे होते. १९५७ साली ते साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून लोकसभेवर निवडून आले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

लोकांनी नानांना क्रांतिसिंह ही पदवी दिली. स्वराज्य दिल्लीहून गावात येईल, याची वाट त्यांनी पाहिली नाही. कर्ज न काढता लग्न कसे करावे आणि आपला तंटा आपणच कसा मिटवावा, हे त्यांनी खेड्यातील माणसांना आधी शिकवले. गावाला स्वतःचा कारभार करता येतो, हा विश्वास त्यांनी लोकांना दिला.

स्वाध्याय
१. नाना पाटील यांनी तलाठ्याची नोकरी का सोडली?
२. गांधी-लग्नामुळे शेतकऱ्यांचा कोणता फायदा झाला?
३. कुंडल गावाचा भूमिगतांना आधार का वाटला?
४. तुमच्या भागात लग्नात कोणता खर्च टाळता येईल? पाच वाक्ये लिहा.