भास्कराचार्य आणि पाटणचा मठ

धुळ्याहून आगगाडीनें चाळीसगांवास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल कीं, तेथून कांहीं कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशीं वसलेल्या पाटण गांवीं देवीच्या देवळांत एक जुना शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याचा वृत्तान्त त्यांत कोरलेला असून, डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ च्या सुमारास तो विद्वानांच्या नजरेस आणिला.

आचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधील. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें त्यांचें नगर. तें नेमकें कोणतें, याविषयीं वाद आहे. आम्ही खानदेशी लोक अर्थातच पाटणकडे झुकतों! पिता महेश्वर हेच त्यांचे गुरु. छत्तिसाव्या वर्षीं, ११५० सालीं, त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला आणि एकोणसत्तराव्या वर्षीं ‘करणकुतूहल’ रचिला. मधल्या काळांत लेखणी व गणित सुटलें नव्हतें, हें उघड आहे.

लीलावती नांवाची कन्या व तिचें घटिकापात्र ही कथा मूळ ग्रंथांत नाहीं. ती फैझीच्या फारसी भाषांतरांतून आली, म्हणून येथें सोडतों. ग्रंथाचें खरें वैभव त्यांतील उदाहरणांत आहे. नियम सांगावा आणि लागलीच वाचकास प्रश्न घालावा, ही त्यांची रीत. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्यानें मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? हें उदाहरण आम्ही वर्गांत घालतों, तेव्हां प्रमेय घडाघडा म्हणणारे कित्येक अडतात. आकृति काढून अज्ञात भागास नांव देणारे मात्र बारा हात हें उत्तर काढतात. एके काळीं आम्हीही नियमच पाठ करून घेत असूं, हें कबूल केलें पाहिजे.

एका वर्गसंख्येस ६१ नीं गुणून त्यांत १ मिळविला असतां पुन्हा वर्गच यावा, अशी संख्या कोणती? १६५७ सालीं फ्रान्सांतील फर्मा यानें समकालीन गणितज्ञांस आव्हान म्हणून जीं उदाहरणें घातलीं, त्यांत हें होतें. याचें सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे. चांचपडत तेथवर कोण पोंचणार? पांचशें वर्षांपूर्वीं आचार्यांनीं तें चक्रवाल रीतीनें सोडविलें होतें. पाया ब्रह्मगुप्ताचा. एकदां आलेल्या अपुऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करीत चाललें कीं, अखेर खरें उत्तर हातीं येतें.

उपपत्ति न जाणणाऱ्या गणकास विद्वानांच्या सभेंत मान नाहीं व त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाहीं, असें मत त्यांनीं गोलाध्यायांत मांडिलें आहे. तें पोकळ नव्हतें. त्यांच्या शिष्यांशीं वाद घालण्यास कोणीही वादी समर्थ नव्हता, असें पाटणचा लेख सांगतो. पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल यानें पाटणहून बोलावून पंडितांत अग्रस्थान दिलें. नातू चंगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें पाटणास मठ स्थापिला. १२०७ सालीं निकुंभ वंशांतील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंच्या काळांत त्या मठास देणगी मिळाली. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठींत आहे. बाजारांतील विक्रीवर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठीं कोणता हिस्सा द्यावयाचा, तें त्यांत नोंदिलेलें आहे.